हेंद्रेपाड्याच्या पायाचा सत्कार

परदेशात फुटबॉल खेळणारा, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातला महेंद्र सुट्टीवर घरी आला आहे, ही गंभीर बाब आमच्या गुणवंत सत्कार समितीच्या कानावर आली. मालदीव, भूतान, कंबोडिया असे क्लब बदलत तो फिरला होता. कुठे एक हंगाम, कुठे अर्धाच. त्याचा एकही सामना आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे मतभेदाचा प्रश्नच नव्हता. सत्कार एकमताने मंजूर झाला.

अध्यक्ष हिरामणभाऊ आम्हा सगळ्यांना घेऊन शाळेमागच्या मैदानावर गेले. महेंद्र एकटाच पळत होता.

"भाऊ, सत्कार राहू द्या," तो धापा टाकत म्हणाला. "मंगोलियाच्या क्लबने ट्रायलला बोलावलंय. तिथे पळून दाखवलं तरच सही. बत्तीसचा झालोय, यानंतर कोण विचारणार नाय. फक्त हे ग्राउंड महिनाभर मोकळं ठेवा."

"अरे, ग्राउंड मोकळं ठेवलं तर तुझा सत्कार कुठे करायचा?" भाऊंनी विचारले.

प्रश्न बिनतोड होता. दुसऱ्याच दिवशी मांडवाच्या बांबूंसाठी खड्डे खणायला सुरुवात झाली.

बॅनरवर भाऊ पूर्णाकृती होते, सफारीत, बुटाखाली फुटबॉल दाबून. महेंद्रचा चेहरा खालच्या कोपऱ्यात, मांडववाल्याच्या फोन नंबरशेजारी होता. वर मोठ्या अक्षरात 'युरोप गाजवणारा बदलापूरचा वाघ'.

"भाऊ, युरोपात मी कधी गेलोच नाय."

"छापून झालंय," भाऊ म्हणाले आणि बाब निकाली निघाली.

सोहळा दणक्यात झाला. तरुण पिढी मैदानाकडे फिरकत नाही, याबद्दल भाऊंनी मैदानभर पसरलेल्या खुर्च्यांसमोर तीव्र चिंता व्यक्त केली. शेवटी महेंद्रला शाल, श्रीफळ आणि एक अवजड स्मृतिचिन्ह देण्यात आले. ऑर्केस्ट्रा ताटकळत असल्याने त्याला बोलू देणे शक्य झाले नाही.

त्याची आई द्रौपदीबाई तेवढी स्टेजजवळ आली. "भाऊ, हे खड्डे कोन बुजवनार? माज्या पोराला सकाळी पळायचंय. त्याच्या पायावर आमचं घर चालतं."

"ताई, तो पाय आता तुमच्या एकट्याचा नाही. अख्ख्या बदलापूरचा आहे," भाऊ म्हणाले. आम्हाला भरून आले.

रातोरात मांडव निघाला. खड्डे तसेच राहिले, कारण खणण्याचा ठराव झाला होता, बुजवण्याचा विषय सभेपुढे आलाच नव्हता. सकाळी अख्ख्या बदलापूरचा पाय त्यातल्या एका खड्ड्यात गेला. गुडघ्याचे लिगामेंट तुटले. मंगोलियाने दुसरा खेळाडू घेतला. समितीने तातडीने चौकशी केली आणि पळणाऱ्याने खाली बघून पळावे, असा निष्कर्ष काढला.

पण समिती निष्ठुर नाही. आम्ही लगेच 'भव्य कुबड्या प्रदान सोहळा' जाहीर केला. स्थळ तेच. जुन्या खड्ड्यांत लोकांनी कचरा टाकल्यामुळे नवे खणावे लागले.

चौघांनी महेंद्रला उचलून स्टेजवर नेले. भाऊंनी कुबड्या दिल्या, परत घेतल्या, फोटोसाठी पुन्हा दिल्या. या खेपेस त्याला मुद्दाम माईक देण्यात आला.

"खड्डे बुजवा," तो म्हणाला. "आणि माझं..."

टाळ्यांचा एवढा कडकडाट झाला की पुढचे काही ऐकूच आले नाही.

त्या टाळ्या तुमच्या होत्या. दुसऱ्या रांगेत मोबाईल उंच धरून तुम्हीच उभे होता, आणि घरी जाऊन फोटोखाली 'गर्व आहे आपल्या मातीचा' असे तुम्हीच लिहिलेत. समिती आपली आभारी आहे. महेंद्र आता आमच्या उपयोगाचा राहिलेला नाही, तेव्हा तुमच्या घरात कोणी चांगलं पळत असेल तर जरूर कळवा. बांबू आम्ही अजून काढलेले नाहीत.