चपळची आहार समिती

घोड्याने काय खावे हे घोड्याला कळत नाही, या एका गृहीतकावर अश्व-आहारशास्त्राचा सगळा डोलारा उभा आहे. (ते माणसाला कळते की नाही, हा विषय वेगळा असून शास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.)

घोडेस्वारी शाळेच्या व्यवस्थापकांना या शास्त्राची गोडी चपळमुळे लागली. चपळ हा शाळेतला सर्वांत जुना घोडा. नाव ठेवले तेव्हा ते त्याला शोभत होते. व्यवस्थापकांची मुलगी त्याच्याच पाठीवर बसायला शिकली होती, आणि लग्न होऊन लांब गेल्यावरही फोनवर आधी चपळची विचारपूस करी, मग वडिलांची. असा हा लाडका घोडा फुगत फुगत इतका फुगला की खोगिराचा पट्टा त्याच्या पोटाला पुरेना. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी खूर चाचपून स्पष्टच सांगितले, "याला हलका करा. नाहीतर खुरं सुजतील आणि एक दिवस बसला की उठायचा नाही. तुम्हाला जमत नसेल तर मी याला दुसरीकडे हलवणार."

व्यवस्थापकांनी ताबडतोब समिती नेमली. समितीत ते स्वतः, डॉक्टरबाई, स्वारी शिकवणारे मास्तर आणि हिशेबनीस होते. (हिशेबनिसांना घोड्यातले ओ की ठो कळत नव्हते, पण निःपक्षपाती सभासद एक तरी लागतोच.) ठराव झाला: दाणा बंद, गवत तोलून, वरचे काहीही नाही.

ठराव कडक होता आणि सर्वांनी तो मनापासून पाळला. व्यवस्थापक सकाळी फक्त गाजर देत, कारण गाजर ही भाजी आहे आणि ठरावात भाजीचा उल्लेख नव्हता. मास्तर साखरेचे खडे देत, पण तो शिस्तीचा भाग होता, आहाराचा नव्हे. हिशेबनीस आपल्या चहाबरोबरची अर्धी बिस्किटे त्याला घालत. ती त्यांच्याच पोटातून वजा होत असल्याने एकूण गोळाबेरीज तीच राहत होती.

महिनाअखेरीस पोटाला फीत लावली, तर चपळ आणखी फुगलेला! समितीच्या शंभर टक्के सभासदांनी ठराव तंतोतंत पाळला होता. (ही माहिती सभासदांनीच पुरवल्यामुळे शंकेला जागा नव्हती.) तेव्हा आधी फितीवर संशय घेतला गेला, मग गवतावर, मग शेजारच्या हडकुळ्या घोडीवर, की ही स्वतः उपाशी राहून याला चारते की काय. शेवटी पहारा बसवला. एकेका सभासदाने पाळीपाळीने, एकट्याने, चपळपाशी बसायचे. पहाऱ्याच्या काळात पोटवाढीचा वेग दुप्पट झाला.

"अहो, तुमच्या खिशांतून गाजराचे देठ निघतात," घरी बायको म्हणाली.

"जप्त केलेला माल आहे तो," व्यवस्थापक म्हणाले.

निर्णायक बैठक चपळच्या ठाणातच भरली. डॉक्टरबाई अहवाल वाचत असताना चपळने सभासदांची हजेरी घेतली. व्यवस्थापकांचा डावा खिसा हुंगला. मास्तरांच्या डोक्यावरची टोपी उचलून आत पाहिले. हिशेबनिसांच्या पिशवीत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसले. कोणीच कोणाकडे बघेना. मग तो सरळ डॉक्टरबाईंच्या औषधांच्या बॅगेकडे वळला आणि तिचा बाजूचा कप्पा चाटू लागला.

"गोळी कडू असते हो," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "सफरचंदातून द्यावी लागते."

"गोळी कधीपासून चालू आहे?" मास्तरांनी विचारले.

"गोळी अजून सुरू केलेली नाही."

पुढचा ठराव एकमताने झाला. जिथे चपळवर कोणाचेही प्रेम नाही अशा एका लांबच्या पागेत त्याला हलवण्यात आले. गाडीत चढवताना व्यवस्थापक ढसाढसा रडले, आणि त्या रडण्यात काहीही खोटे नव्हते. तिथला माणूस तोलून गवत टाकतो आणि वळूनही न पाहता निघून जातो. थोड्याच दिवसांत चपळ सडसडीत झाला. आता खुरांची तक्रार नाही, दुडक्या चालीने पळतोसुद्धा. भेटायला मात्र कोणालाही सोडत नाहीत. दिवसभर तो फाटकाकडे तोंड करून उभा असतो, आणि रस्त्याने कोणी येताना दिसले की मान पुढे काढतो.

हे वाचून 'बिचारा! एखाद्या घासाने काय होतंय?' असे तुमच्या मनात आले असेल, तर संकोच करू नका. समितीला नेमके तुमच्यासारखेच सभासद लागतात.