उत्तरेच्या खिडकीचे फेरवाटप

ज्या घरात हिरवळ असते, त्या घरात सुसंस्कृतपणा न बोलावता मुक्कामाला येतो. (दाराबाहेरची हिरवळ यात धरलेली नाही. ती शेळ्यांसाठी असते.) राहात्यातील माझे शेजारी ओंकार यांनी हे ओळखले आणि ऐन वैशाखात अलोकेशिया नावाचे रोप दिवाणखान्यात आणले. पाने सुपाएवढी, काळपट हिरवी, शिरा चुन्याने आखल्यासारख्या.

सदर रोपाच्या अटी माफक आहेत. ऊन नको, गरम वारा नको, हवा दमट हवी आणि एकदा दिलेली जागा बदलायची नाही. ओंकारच्या पत्नी रेश्मा यांनी घराची पाहणी केली असता अशी एकच जागा आढळली, ती म्हणजे उत्तरेची खिडकी, कूलरसमोर. तिथे ओंकारच्या आईची, आक्काबाईंची खाट होती.

खाट हलवण्याचा निर्णय एकमताने झाला. (आक्काबाईंना विचारले असते तर तो बहुमताने झाला असता, इतकाच फरक.) त्यांना गच्चीवरची पत्र्याची खोली मिळाली. तिथे ऊन आहे, गरम वारा आहे, म्हणजे रोपाला वर्ज्य ते सगळे आहे.

"असलं पान आपल्या मोरीमागं लई हुतं," आक्काबाई म्हणाल्या. "त्याला कुनी कूलर लावला न्हाई."

"आई, ते अळू हुतं. याला उकाडा सोसत न्हाई."

"व्हय बाबा. मला सोसतो," म्हणत त्या तांब्या घेऊन जिना चढल्या.

रोपाची मात्र हेळसांड नाही. रेश्माताई रोज पाने ओल्या फडक्याने पुसतात आणि झोप लागली का, म्हणून विचारतात. परवा एक पान पिवळे पडले तेव्हा घरात कोणी धड जेवले नाही. श्रीरामपूरच्या रोपवाटिकेला फोन गेला.

त्याच दुपारी आक्काबाईंना भोवळ आली. आम्ही त्यांना खाली आणले, पाणी पाजले, खिडकीशी बसवले. ओंकारचा चेहरा काळजीने उतरला होता.

"आई, जरा सरकून बस," तो म्हणाला. "त्याचा वारा अडतोय."

(मला संताप आला. पण हातात ओंकारच्याच घरचा चहा होता.)

सध्या रोप टवटवीत आहे. आक्काबाई पुन्हा वर आहेत. येणारा प्रत्येक पाहुणा पानासोबत फोटो काढतो आणि विचारतो, "याला जागा कशी लागते हो?"

आपणही वाचता वाचता घरातला एखादा गार, सावलीचा कोपरा मनात हेरून ठेवला असेलच. तिथे सध्या कोण बसते, तेवढे बघून घ्या.