टिकाऊ अभ्यासक्रम

मॅनेजमेंट कॉलेजातले सर सकाळी आरशासमोर टाय बांधत बायकोला म्हणाले, "आज समितीने माझा प्रस्ताव मान्य केला ना, की बघच! मार्केटिंग असो नाहीतर फायनान्स, नफ्याच्या जोडीला नदी, झाडं आणि हवा शिकवावीच लागणार!"

"आणि नाही केला तर?"

"तर पुन्हा पहिल्या वर्षाचं अकाउंट्स. सकाळी साडेसातला!" टाय आपोआप आवळला गेला.

पण घाबरायचं कारण नव्हतं. नव्या धड्यांची पानं फायलींत लावायचं काम सरांनी आदल्या दिवशीच ऑफिसातल्या कारकून बाईंवर सोपवलं होतं. फोनवर बजावलंही होतं, "बाई, समितीला सगळे अभ्यासक्रम टिकाऊ झालेले दिसले पाहिजेत. एकही सुटता कामा नये!"

सर मीटिंगच्या खोलीत शिरले आणि त्यांचे डोळेच दिपले. टेबल माशांच्या काचपेटीसारखं चमकत होतं. पानन् पान प्लास्टिकमध्ये बंद!

"बाई! हे काय?"

"लॅमिनेशन, सर! मशीन तापून बेशुद्ध पडलं, पण एक पान सोडलं नाही. आता खुशाल पाण्यात बुडवा!"

"अहो, टिकाऊ म्हणजे पर्यावरण टिकवणारे! प्लास्टिक कमी करणारे!"

"मग तसं म्हणायचं ना! थोडं प्लास्टिक उरलंय, तुमचं ओळखपत्र देता का?"

एवढ्यात समिती आलीच. अध्यक्ष मॅडमनी 'प्लास्टिकमुक्त उद्योग' हे पान उचललं. ते हातातून मासळीसारखं सटकलं, टेबलभर घसरलं आणि थेट चहाच्या कपावर आदळलं. प्रस्तावावर चहाचं तळं!

बाईंनी त्यावरून एकदा पदर फिरवला. "बघा! डाग आहे का कुठे?"

"ही कल्पना कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"सरांची!" बाई अभिमानाने म्हणाल्या.

सरांना समोर साडेसात वाजलेले दिसू लागले. "चूक माझीच," ते पुटपुटले. "'टिकाऊ' हा शब्द बाईंना दिला, अर्थ स्वतःकडेच ठेवला."

मॅडम चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अहो, कंपन्यांत दुसरं काय होतं? वरचे भाषण करतात, खालचे प्लास्टिक गुंडाळतात! प्रस्ताव मंजूर. पण पहिला धडा हाच. उदाहरणासकट!"

संध्याकाळी सर सोफ्यावर पाय पसरून तृप्त पडले होते. फोन वाजला. बायकोने घेतला, ऐकलं आणि पदर तोंडाला लावत तो पुढे केला.

"तुमचे विद्यार्थी आहेत. 'टिकाऊ सर' घरी आहेत का, म्हणून विचारताहेत."

विषयाचं पुढे काय होईल ते समिती जाणे. नाव मात्र सरांच्या निवृत्तीपर्यंत आरामात टिकेल.