फीट म्हंजे पाय!

"सांगून कुणाला पटायचं न्हाई, कस्तुरे," वालूरला बहिणीच्या ओट्यावर मांडी ठोकत लिंबाजी म्हणाले, "पण तुझ्या भावानं निस्त्या इंग्रजीच्या जोरावर ईश्वरीचं मोडायला आलेलं लग्न वाचवलं!"

तीस वर्षं बँकेत शिपाई! साहेबलोकांनी सांडलेली इंग्रजी रोज झाडून काढायची म्हटल्यावर थोडी अंगाला चिकटणारच.

लग्न आठ दिवसांवर आलेलं. लेक ईश्वरी पहिली पत्रिका नरसिंहापुढं ठेवायला पोखर्णीला गेलेली, मोबाईल घरी चार्जिंगला. तेवढ्यात तो वाजला. नवरदेवाच्या बहिणीचा इंग्रजी मेसेज: 'मुकुल हॅज कोल्ड फीट.'

लिंबाजींनी चष्मा पुसला. कोल्ड म्हणजे गार. फीट म्हणजे पाय. अन् हॅज म्हणजे... पडलेत! झालं! पाय गार पडल्यावर माणसाचं पुढं काय होतं, हे कळायला इंग्रजी कशाला लागते?

"पारू, जावई चालला गं!"

"कुठं?"

"वर!"

पारूबाईंनी सगळा मेसेज ऐकला अन् त्यातला एकच शब्द उचलला. "फीट आलीय व्हय? कांदा घ्या, कांदा! हुंगवला की उठून बसतंय!"

"अगं, फीट म्हंजे पाय! तळव्याला सुंठ चोळावी लागती!"

"मला नका शिकवू! माझ्या मामाला फीट यायची. त्याला काय पाय यायचे?"

सुंठ की कांदा, हे भांडण झरीपासून परभणीपर्यंत जीपमध्ये पुरलं. ड्रायव्हरनं वैतागून दोनदा गाडी थांबवली अन् दोघांना हात जोडले.

नवरदेवाच्या दारात ना गर्दी, ना रडारड. मुकुल बैठकीत बसून मुरमुऱ्यांचा सुशीला खायलाय!

"पाय दाखव!" लिंबाजी गरजले. हात लावून पाहिला. "हे तर गरम हायत! मंग इंग्रजीत गार कामून?"

मुकुल गोरामोरा झाला. "मामा, ते तसं नसतंय. कोल्ड फीट म्हंजे ऐन वेळेला धीर सुटणं. मला... मला लग्न नको वाटायलंय."

"मंग भेव वाटतंय म्हण की! घाबरतंय काळीज अन् बदनामी पायाची? कोण्या येड्यानं काढली रे ही भाषा!"

अन् मग म्हणे लिंबाजी वाघासारखे उभे राहिले. अर्धा तास असे बोलले, असे बोलले, की मुकुलच्या डोळ्यांना धारा लागल्या. "मामा," तो म्हणाला, "तुमच्यासारखा सासरा असल्यावर कसलं भेव? उद्याच लावा लग्न!"

कस्तुराबाईंनी तोंडात बोट घातलं. लिंबाजींनी मिशीवरून हात फिरवला.

"बास करा की!" चहा घेऊन बाहेर आलेल्या पारूबाई कडाडल्या. "कवा बोललात अर्धा तास? 'लग्न नको' ऐकलं अन् तिथंच आडवे झालात! कांदा तुमालाच हुंगवला, अन् सुंठ त्या लेकरानं तुमच्या तळव्याला चोळली. चोळता चोळता रडकुंडीला येऊन म्हणालं, 'मामी, करतो मी लग्न, पण आधी यांचे पाय गरम होऊ द्या!'"