आंतरजातीय लग्नाचे पन्नास गुण

शहर पुरोगामी आहे की नाही, हे शेजारचं शहर मागास असल्याखेरीज ठरवता येत नाही. बालाघाटच्या सुदैवानं वारासिवनी जवळच आहे. (वारासिवनीही हेच म्हणते.)

बालाघाटच्या पुरोगामी समितीचे सचिव शालिकराम यांची उभी हयात तहसीलीच्या आवक-जावक टेबलावर गेली होती. त्यामुळे समाजसुधारणा कोणत्या रकान्यात भरायची, याची त्यांना उपजत जाण होती. दोन्ही शहरांनी मिळून गुणपत्रक ठरवलं होतं आणि त्याचा निकाल दर तीन महिन्यांनी दोन्हीकडच्या बसस्टँडवर लागे. यंदाची स्थिती:

महिला अध्यक्ष — वारासिवनी, १०. (शेवंताबाई. एकही बैठक चुकवत नाहीत. नाहीतर चहा कोण देणार?)

पुरुषांनी चहा देणे — बालाघाट, १०. (थर्मास घरून भरून येतो. ओततात पुरुष.)

विधवांचं हळदीकुंकू — बालाघाट, ४०, हरकतीच्या अधीन. (चाळीस जणी हव्या होत्या, एकतीस मिळाल्या. नऊ वारासिवनीहून बसनं आणल्या. वारासिवनीनं नऊ गुण परत मागितले. बायकांबद्दल काही विचारलं नाही.)

आंतरजातीय लग्न, प्रत्येकी ५० — दोन्हीकडे शून्य. (दोन्ही शहरांचा त्याला संपूर्ण पाठिंबा आहे.)

बाकीचे रकाने धरून वारासिवनी बारा गुणांनी पुढं होती.

अशात एका रविवारी शालिकरामांची मुलगी मंजू म्हणाली, की तिला विवेक नावाच्या मुलाशी लग्न करायचं आहे. तो दुसऱ्या जातीचा आहे.

शालिकरामांचे डोळे भरून आले. पन्नास.

"मंग हौ म्हन त्याले, आजच म्हन. बाप का करते त्याचा?"

"वारासिवनीच्या समितीचे सचिव आहेत. बाबूलालजी."

शालिकराम खाली बसले.

"जात कोनतीबी असो, मंजू. आपन मानत नाही. पन वारासिवनी?"

"काहून? ऑटोनं जाता येते, बाबा."

"दूरचं नाही म्हनून राह्यलो. लग्न झालं का तू तिकडं, गुण तिकडं. समितीतले मास्तर लोक म्हनतीन, घरच्याच पोरीनं बालाघाट पाडलं."

"मंग विवेक येईन इकडं राहाले."

घरजावयाचे वेगळे दहा होते. शालिकरामांनी लगेच फोन लावला.

"लडका हमारा है, समधीजी," बाबूलाल म्हणाले. "साठ गुण असेच जाऊ देऊ का?"

शेवटी लग्न दोन शहरांच्या बरोबर मध्ये लावायचं ठरलं. दोन्ही समित्या टेप घेऊन निघाल्या. महिनाभराच्या मोजणीनंतर मध्य एका धानाच्या बांधीत, म्हणजे भातशेतात निघाला. तिथल्या सरपंच सीताबाईंनी बांधावर उभ्या उभ्या समिती स्थापन केली आणि पन्नास गुणांवर हक्क सांगितला. ज्या गावाला पुरोगामी व्हायचं असतं हेही ठाऊक नव्हतं, ते एका दुपारीत त्या रकान्यात पहिलं आलं.

त्याच बांधावर दोन्ही शहरांचं इतिहासात प्रथमच एकाही हरकतीशिवाय एकमत झालं: पुरोगामित्वाच्या व्यापक हितासाठी हे लग्न होऊ नये. ठराव शालिकरामांनी स्वतः लिहिला. अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं.

मंजूनं तो घरी वाचला आणि आपला अर्ज पुढं केला. "हा बी आवकमंधी घ्या, बाबा."

अर्जात लिहिलं होतं: 'आम्ही मंगळवारी नोंदणी लग्न केलं. (त्याची नोटीस महिनाभर सरकारी फळ्यावर होती. तुम्ही सगळे शेत मोजत होतात.) गुण पंचवीस-पंचवीस वाटून घ्या. बोर्डावर आमची आडनावं लिहायची नाहीत. लिहिली, तर मी पुन्हा या घरी येणार नाही.'

शालिकरामांनी अर्ज दोनदा वाचला. मग त्यावर आवक क्रमांक टाकला, शेरा मारला, 'मान्य', आणि ठराव फाडला.

आता दोन्ही बसस्टँडवर बोर्ड आहे: 'मंजू व विवेक. आंतरजातीय.' लोक थांबतात, वाचतात, कौतुकानं मान हलवतात आणि शेजारच्याला विचारतात, "यातलं कोन कोनाचं?" हा प्रश्न बालाघाटात सरासरी अकराव्या सेकंदाला येतो, वारासिवनीत बाराव्या. त्यामुळे वारासिवनी एका सेकंदानं अधिक पुरोगामी आहे.

तुलनेसाठी बाहेरच्या शहरांचेही आकडे हवे आहेत. वाचकांनी पुढील माहिती स्वच्छ अक्षरात भरावी.

तुमचं शहर: ____________

शालिकराम नेमके कोणत्या समाजाचे, याचा विचार तुम्ही कितव्या ओळीपासून करत आहात: ______

('केलाच नाही' असं लिहिलेले फॉर्म बाद होतील.)