वाणियाचे दुकानी वाइन ठेविली त्याची हकीकत

श्री. ज्याने मुखात जीभ दिली आणि जिभेस चव दिली, त्यास नमस्कार करून लिहिण्यास आरंभ केला. शके सतराशे एकसष्ट, विकारी नाम संवत्सरे, कार्तिक मासी, एका राज्यात ऐसे वर्तमान घडले की, द्राक्षांचे पीक उदंड आले, आणि बागाईतदारांनी त्याची वाइन करून बाटल्या भरिल्या, आणि मग त्या खपेनात. तेव्हा कारभारी यांनी हुजूर अर्ज केला की, वाइन गुत्त्यावरच विकावी ऐसा नेम आहे तो मोडावा, आणि वाणसामानाचे दुकानी विकण्यास परवानगी द्यावी. दरबारात दोन तट पडिले. कारभारी बोलिले, "वाइन म्हणजे दारू नव्हे. द्राक्षांचा रस आहे, थोडा जुना." पंडितराव बोलिले, "मग उद्यापासून आपले घरी नैवेद्यास तोच ठेवावा." यावर सभा हसली आणि कारभारी यांचे कान लाल जाहले. महाराजांनी दोहींकडचे ऐकून घेतले आणि मग आज्ञा केली की, जेथे बायका डाळ निवडून घेतात तेथे हा माल ठेविला तर काय होते, हे बोलून कळणार नाही, पाहून कळेल. एका दुकानी चाळीस दिवस ठेवावी. माल खपला आणि गल्लीत तंटा न जाहला, तर साऱ्या दुकानांस मोकळीक. एक जरी तंटा जाहला, तर त्या दुकानास कायमचे कुलूप.

दुकान नेमिले ते धोंडशेट तेंडोलकर यांचे. का, तर तीन पिढ्यांत त्या पायरीवर मोठ्याने शब्द उमटला नव्हता. शेटजींनी हे मागितले नव्हते, परंतु हुजूरची आज्ञा, नाही कसे म्हणावे. चोवीस बाटल्या गवतात गुंडाळून आल्या, आणि शेटजी त्यांजकडे पाहात उभे राहिले.

आता त्या पेठेची रीत सांगणे प्राप्त आहे. तेथे वाणी माल झाकून विकीत नसे. तुरीपासून तेलापर्यंत सारे उघडे आणि सुटे, आणि गिऱ्हाइकाने चिमूटभर तळहातावर घ्यावे, तोंडात टाकावे, आणि मग "द्या" म्हणावे, किंवा काही न बोलता निघून जावे. चाखू न देता विकणे म्हणजे फसविणे, ऐसे शेटजी मानीत. बुचाची बाटली पाहून त्यांस वाटले की आत काय आहे ते देव जाणे, आणि मग त्यांनी चोवीसही बुचे काढिली, आणि सारी वाइन लोणच्याचे दोन मोठ्या बरण्यांत ओतिली, आणि वर मलमलीचे फडके बांधून गुळाचे ढेपेशेजारी ठेविली. पत्नी आवडाबाई आतून आल्या आणि कपाळास हात लावून बोलिल्या, "अहो, ती बुचे काही शोभेला लावली नव्हती!" शेटजी बोलिले, "वारा लागल्याने गूळ बिघडतो का?" आवडाबाई बोलिल्या, "गूळ आहे का तो?"

पहिले पाच दिवस कोणी बरणीस हात लाविला नाही, परंतु बायका येईनाशा जाहल्या. मैनाकाकू, ज्या शेटजींचे दुकानी तीस वर्षे तांदूळ चाखीत आल्या, त्या पायरीखालीच थांबून बोलिल्या, "शेटजी, खरे सांगा, आता सुनेस इकडे धाडू की नको?" शेटजी बोलिले, "धाडा की." परंतु आवाज पडला, आणि काकूंनी तो ऐकिला. मग शेटजींनी बरण्या गुळापासून उचलून मिठाकडे नेल्या, मिठाकडून मागील कोनाड्यात, आणि तेथे दिसेनात म्हणोन जीव अधिक घाबरला, तर पुन्हा पुढे आणिल्या.

सहावे दिवशी दुसरेच लोक आले. चाखणे फुकट, ही वार्ता गुत्त्यावर पोहोचली होती. रायाजी जाचक म्हणोन एक पेन्शन खाणारा शिलेदार, त्याने तळहात पुढे केला, चाखिले, डोळे मिटिले आणि बोलिला, "जिभेस नीट कळले नाही. आणखी थोडी." दुसऱ्यास कळले नाही, तिसऱ्यासही नाही. मग रोज तिसरे प्रहरी आठ-दहा तळहात रांगेने पुढे येऊ लागले, आणि विकत कोणी घेईना. रीत मोडावी तर बाप-आजे आठवत, आणि पाळावी तर कुलूप डोळ्यांपुढे दिसे. अकरावे दिवशी रायाजीने रांग मोडिली. मागचा बोलिला, "ओ शिलेदार, घोडा नाही आता खाली, पायांनी मागे व्हा." रायाजीने मुठी आवळिल्या. शेटजी पळीसह मध्ये उभे राहिले आणि बोलिले, "रायाजीबुवा, माझे दुकान तुमचे मुठीत आहे हो." रायाजी थबकला आणि मागे सरला. तंटा टळला.

मग विसावे दिवसाचे सुमारास बरणीतील मालावर पातळ पापुद्रा धरिला, आणि वास पालटला. रायाजीने चाखिले आणि त्याचे तोंड असे आक्रसले की मागचे न चाखताच परतले. पुन्हा कोणी आला नाही. सुनी पायरी पाहून मैनाकाकू वर आल्या, फडके बाजूस करून करंगळी बुडविली, जिभेवर ठेविली आणि बोलिल्या, "अहो, हा आंबून शिर्का जाहला! लोणच्यास असा बाजारात मिळत नाही. मला शेरभर द्या." ही वार्ता घरोघर गेली, आणि दो दिवसांत दोन्ही बरण्या रित्या.

चाळीस दिवस भरले. कोतवालाने रित्या बरण्या पाहून हुजूर लिहून दिले की, माल सारा खपला, तंटा नाही, झिंगला कोणी नाही, आणि घेणाऱ्या साऱ्या घरंदाज बायका. कारभारी हर्षले. पंडितराव आ वासून राहिले. परवानगीचा कागद तयार जाहला आणि साक्षीस शेटजींस बोलाविले. गप्प राहिले तर दुकान वाचले होते. शेटजी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभे होते, आणि मग बोलिले, "महाराज, हा कागद झाकलेला माल आहे. आपण चाखला नाही." आणि सारे सांगितले. कारभारी ओरडले, "सरकारी मालाची नासाडी! कुलूप घाला!" पंडितराव ओरडले, "नासाडी नव्हे, शुद्धी!" आणि भर दरबारात ऐसा तंटा माजला की चोपदारास काठी आपटावी लागली. महाराज शेटजींस बोलिले, "आणखी चोवीस बाटल्या देतो. या खेपेस बुचे काढू नका." शेटजींनी कमरेची किल्ली काढून गालिच्यावर ठेविली आणि बोलिले, "मग कुलूपच घालावे. माझे रीतीने विकिली तर तिचा शिर्का होतो, आणि तिचे रीतीने विकिली तर ते दुकान माझे राहात नाही."

महाराजांनी किल्ली तीन दिवस ठेवून घेतली. चौथे दिवशी परत धाडिली, आणि सोबत हुकूम, की जेथे माल चाखवून विकितात तेथे वाइन ठेवू नये, जेथे बंद करून विकितात तेथे खुशाल ठेवावी. दोन महिन्यांत पेठेतील सात वाण्यांनी पोती आत नेली, डाळ-तांदळाचे पुडे बांधून मांडिले, आणि पुड्यांमागे बाटल्या. शेटजींची पोती तेवढी उघडी राहिली. एके सकाळी त्यांनी पाहिले की मैनाकाकू समोरचे दुकानातून तुरीचा पुडा घेऊन उतरत आहेत. काकू ओशाळल्या आणि बोलिल्या, "चाखायला देत नाहीत हो तिथे. पण खोळंबाही होत नाही." शेटजी बोलिले, "बरे केलेत," आणि आत वळून, नीट लाविलेली मापे पुन्हा लावू लागले.

येणेप्रमाणे वाइनीचा निकाल जाहला. डाळीचा निकाल त्यासोबत होऊन गेला, तो कोणी मागितला नव्हता. जैसे घडले तैसे लिहिले. लेखनसीमा.