सुटे भाग नांदवणाऱ्या सुगंधामावशी

सुगंधामावशी कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचा स्वभाव विचारतात. आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत हे सगळ्यांना पाठ आहे. कुकर घ्यायला गेल्या तेव्हा त्यांनी दुकानदाराला विचारलं होतं, "हा एकदम रागावतो, का सांगून रागावतो?" वॉशिंग मशीन बसवायला आलेल्या माणसाला, "हिला घरात एकटी सोडली तर चालंल ना?" असं त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं, की तोही "हो, गरीब आहे स्वभावाने" असं सांगून गेला.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि खारघरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळे गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मावशी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, कॉम्प्युटर घ्यायचाय. अभ्यासाचा पन पायजे नि गेमचा पन."

"नातवासाठी का?"

"नातवाचा काय संबंध? माझ्यासाठी."

मावशींचं वय अठ्ठावन्न. लहानपणी आठवीतून शाळा सुटली आणि घरच्यांबरोबर मिठागरावर जाणं सुरू झालं. पुढे लग्न, मुलं, मुलांची लग्नं. हे सगळं आटोपल्यावर बाईंनी त्याच्या दोन वर्षं आधी बाहेरून दहावीची परीक्षा दिली आणि पास झाल्या. ती मार्कलिस्ट फ्रेम करून त्यांच्या हॉलमध्ये लावलेली आहे. गणितात काठावरच सुटल्यात, पण पाहुणे आले की बोट आधी गणितावरच ठेवतात. आता बारावी चालू होती. मोबाईलवर धडे बघून बघून मान धरली होती, तेव्हा कॉम्प्युटरचं मला पटलं. पण गेम?

"तो माझा विषय हाय," मावशी म्हणाल्या. "तुमी मशीन बघा."

मी लॅपटॉप सुचवला. त्यांनी मान हलवली. "त्यात सगळी आधीच कोंबून आनलेली असतात. कोन कसा हाय, आमाला काय कलनार? मी एकेकाला पारखून घेनार." मग दोन्ही हात पुढे करून त्यांनी आकार दाखवला. "नि लहान पायजे. एवढा. तांदलाच्या डब्याएवढा. आमच्या यांच्या खुर्चीच्या बाजूला तेवढीच जागा हाय."

'आमचे हे' म्हणजे बाळारामकाका. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला. मग साखरेनं डोळे नेले. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दिवसभर गॅलरीकडे तोंड करून खुर्चीत बसलेले असायचे. विचारलं तर उत्तर द्यायचे, तेही एका शब्दात.

त्याच संध्याकाळी आम्ही पनवेलच्या बाजारात इरफानभाईंच्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. माझे विद्यार्थी तिथेच जातात. इरफानभाईंनी कौतुकानं ते भाग बसवायचा सर्वांत मोठा, आतून लाल-निळे दिवे लुकलुकणारा डबा पुढे ठेवला. "देखो मौसी, क्या रौनक है!"

"देव्हारा हाय का?" मावशींनी विचारलं. "मना लहान दाखवा."

लहान डबा आला. त्याला चारी बाजूंनी जाळी होती. मावशींनी आत डोकावून बघितलं. "हवा खेलती हाय. घर बरं हाय. आता मानसं दाखवा."

पुढचे दोन तास इरफानभाईंच्या दुकानात एक मोठं सोयरीक जुळवणं चाललं होतं. मी दोन प्रोसेसर पुढे केले आणि त्यातला वेगवान कसा सरस आहे ते सांगू लागलो. मावशींचा एकच प्रश्न. "तापट हाय का?"

"थोडा गरम चलता है," इरफानभाई म्हणाले.

"मंग नको. लहान घरात तापट मानूस आला की सगलं घर धुमसतं. दुसरा घ्या. जरा सावकाश असला तरी चालंल, पन शांत पायजे."

हेच मी वर्गात शिकवतो. लहान डब्यात उष्णतेला बाहेर पडायला वाव कमी असतो, म्हणून कमी तापणारा भाग निवडावा. मला ते सांगायला अर्धा तास आणि फळ्यावर दोन आकृत्या लागतात.

मदरबोर्डला त्यांनी 'आईचा पाट' म्हटलं आणि सगळ्यांना मांडीवर घेणारी म्हणून तिला दोनदा हात लावला. सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायची वेळ आली तेव्हा मी साधा चालेल म्हणालो. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "जो सगल्यांना पोसतो त्याच्यात हात आखडायचा? सर, तुमी शिकवता ना?"

खरी फजिती ग्राफिक्स कार्डाशी झाली. गेम खेळायचा तर ते दणकट हवं, म्हणून मी आणि इरफानभाईंनी एकमतानं तीन पंख्यांचं एक कार्ड निवडलं. मावशींनी ते हातात घेऊन तोललं. "हा जावई दिसतो. मोठा, खानारा, नि सगल्यांनी जागा करून द्यायला पायजे असा. पन हा या दारातून आत शिरंल का?"

आम्ही दोघं हसलो. इरफानभाईंनी कार्ड डब्याला लावून बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. दोन बोटं जास्त लांब होतं. वरात दारातच अडकली होती, आणि मुहूर्त काढणारा मी होतो.

"दोन पंख्यांचा दाखवा," मावशी शांतपणे म्हणाल्या.

इरफानभाईंनी कानाला हात लावला. "मौसी, कलसे दुकानपे बैठो. सर को छुट्टी देते हैं."

निघताना मावशींनी आणखी एक खोकं मागितलं. त्यात स्टिअरिंग, पायानं दाबायची पेडलं आणि गिअरचा दांडा होता. त्याचा मात्र स्वभाव त्यांनी विचारला नाही. उघडून गिअर टाकून बघितला आणि पिशवीत घातला. मला वाटलं, बाईंना शर्यतीच्या गाड्या उडवायच्यात. मला हसू आलं, पण मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

जोडणीही त्यांनीच केली. मी फक्त स्टुलावर बसून सांगत होतो. पापड लाटणारे ते हात प्रोसेसर इतका अलगद ठेवत होते, की मी श्वास रोखून बघत राहिलो. सगळं जोडून बटण दाबलं, पंखे फिरले, पण पडदा काळाच. मी वायरी तपासल्या, तोंडानं नाही नाही ती इंग्रजी नावं घेतली. मावशींनी आत वाकून रॅमच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "हा बघा, एका बाजूनं उचललेला हाय. नीट बसवला नाय म्हनून रुसलाय." अंगठ्यानं दाबला. टक्क झालं. पडदा उजळला.

मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, माझ्या पहिल्या बॅचचा निकाल लागला तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तासभर मावशींचीच गोष्ट सांगितली.

त्यानंतर साधारण महिन्याने एका दुपारी अर्थशास्त्राच्या नोट्स द्यायला मी खाली गेलो. दार लोटलेलं होतं आणि आतून ट्रकच्या इंजिनाची घरघर येत होती. बाळारामकाकांची खुर्ची गॅलरीकडून वळून टेबलाजवळ आली होती. मावशी पदर खोचून स्टिअरिंगवर, आणि काका त्यांच्या डाव्या हाताला. पडद्यावर कुठल्याशा डोंगरातला रस्ता होता.

"आता काय दिसतं?" काकांनी विचारलं.

"डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी. वलन हाय."

"बोरघाटासारखं हाय मंग. हॉर्न दे. नि गाडी दमलीय बघ, ऐकू येत नाय? खालचा गिअर टाक."

मावशींनी गिअर टाकला. काका मान तिरकी करून इंजिन ऐकत होते. "हां. आता कशी बोलते!" मग जरा थांबून म्हणाले, "तवा तू म्हनायचीस, एकदा मना घेऊन चला. पोरं लहान, भाडं घाईचं. राहूनच गेलं."

"आता चाललोय ना," मावशी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

काकांना एका दमात एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी नोट्स चपलांच्या कपाटावर ठेवल्या.

मावशींनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. "सर, बसा, चहा टाकते," म्हणून उठू लागल्या.

"थांब. उतार हाय का तिथं?"

"हाय."

"मंग गिअरमध्ये ठेव. अशी सोडून जाऊ नको."

मावशी परत खाली बसल्या आणि त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.